एक्स्पोर्टचा माल

आमच्या पिढीला 'एक्स्पोर्ट' हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी स्टेशनबाहेर भेटला. मीरा रोडला पूर्वेला उतरलं, की रिक्षाच्या रांगेच्या अलीकडे एक हातगाडी असे आणि तिच्यावर शर्टांचा डोंगर. "एक्स्पोर्ट का माल, एक्स्पोर्ट का माल!" असा पुकारा चालू असे. शर्ट उचलला, की आधी कॉलरच्या आत बघायचं. लेबल कापलेलं असेल तर माल अस्सल. लेबल धडधाकट असेल तर नक्की उल्हासनगर. फक्त कात्री चालवणाऱ्याला घाई असायची, त्यामुळे लेबलाचं एक थोटूक कॉलरला तसंच राहायचं आणि विरार लोकलमध्ये दोन्ही हात वर अडकलेले असताना नेमकं मानेला टोचायचं.

पुढे पोटापाण्यासाठी मी स्वतःच एक्स्पोर्टच्या धंद्यात पडलो. माल तेवढा बदलला. शर्टांच्या जागी शहरं आली.

परवाच्या शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. आई समोर मेथी निवडत होती.

"काय करतोयस रे?"

"मीरा-भाईंदर एक्स्पोर्ट करतोय."

मेथीची काडी हातातच राहिली. "कुठे?"

"पुण्याला."

"पुण्याला पाठवायचं त्याला एक्स्पोर्ट म्हणतात?"

"पुण्यातले म्हणतात."

हे तिला ताबडतोब पटलं.

भानगड अशी होती, की पुण्याच्या एका सल्लागार कंपनीला पावसाचं पाणी कुठे आणि किती साचेल याचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी आमच्या भागाचं त्रिमिती मॉडेल हवं होतं. पाणी कुठे साचतं हे मीरा रोडचा कोणीही रिक्षावाला भाडं नाकारता नाकारता सांगेल. पण त्याचं उत्तर कुठल्याच फाइलीत सेव्ह होत नाही. शिवाय सध्या दिवस जुळ्यांचे आहेत. 2022 च्या डिसेंबरात आलेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने 2035 पर्यंत देशातल्या मोठ्या शहरांची 'डिजिटल ट्विन', म्हणजे संगणकातली जुळी भावंडं तयार करायचं ठरवलं आहे. मूळ भावंडाचं पाणी, पार्किंग आणि लोकल यांचा प्रश्न सुटायच्या आत दुसरं पाळण्यात येणार, एवढाच याचा अर्थ.

तर आमच्याकडे इमारतींचे सपाट नकाशे एका जुन्या फॉरमॅटमध्ये, उंच्या दुसऱ्या, जमिनीचे चढउतार तिसऱ्या. आणि पुणेकरांना हवं होतं 'सिटीजीएमएल'. शहरांची त्रिमिती माहिती लिहायचं हे आंतरराष्ट्रीय प्रमाण 2008 साली आलं. त्यात इमारतीचा आकार पुरत नाही, प्रत्येक पृष्ठभागाने आपण कोण हेही सांगायचं असतं. मी भिंत, मी छप्पर, मी जमीन. घराणं, गोत्र, सगळं. या फॉरमॅटमधून त्या फॉरमॅटमध्ये सोयरीक जुळवून देणारं जे मध्यस्थ सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, ते एफएमई. ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातलं, 1993 सालच्या कंपनीचं. मुळात तिथली लाकूडतोड करणारी मंडळी आणि सरकार यांना जंगलाचे नकाशे एकमेकांना देता यावेत या खटपटीतून ते जन्मलं. लाकूडतोड्या आणि सरकार यांना एकमेकांची भाषा समजावणाऱ्याला मीरा-भाईंदर जड जाऊ नये, असं मला वाटलं होतं.

त्यात काम कसं चालतं, तर डावीकडून माहिती वाचणारा खोका, उजवीकडे लिहिणारा खोका आणि मधे जे संस्कार करायचे त्यांचे छोटे खोके, सगळे रेघांनी जोडलेले. पडद्यावर हे सगळं आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूमसारखं दिसतं. कोणती वायर कुठे जाते हे जोडणाऱ्यालाच माहीत, आणि तो आता फोन उचलत नाही. इथे फरक इतकाच, की जोडणारा मीच होतो.

सुरुवातीला गंमत म्हणून एकच इमारत करून बघायची असते. मी आमचीच घेतली. नाव द्यायचं होतं म्हणून हातानेच 'आईचं घर' असं टाइप केलं. एकुलती एक इमारत सुरेख उभी राहिली. या यशाने माणूस बिघडतो.

मग पूर्ण शहर घेतलं, आणि तपशिलाच्या पायऱ्यांचा प्रश्न आला. यांना एलओडी म्हणतात. शून्य म्हणजे इमारतीचा जमिनीवरचा नुसता ठसा. एक म्हणजे तो ठसा वर ओढून केलेला ठोकळा. दोनला छपराचा आकार येतो, तीनला दारं-खिडक्या, आणि चारला घराच्या आतलं सगळं. 2021 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही चौथी पायरी काढून टाकली आणि घराच्या आतलं कुठल्याही पायरीवर दाखवायची मुभा दिली. म्हणजे बाहेरून नुसता ठोकळा ठाऊक असला तरी आतलं सगळं ठाऊक असू शकतं. हे तंत्र आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना प्रमाण येण्याच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. बी विंगला खिडक्या किती ते त्यांना सांगता येणार नाही, पण कोणत्या खिडकीमागे काल रात्री कशावरून आवाज चढले ते त्या मिनिटांसकट सांगतात.

पुणेकरांना दुसरी पायरी हवी होती, म्हणजे छप्पर. युरोपात हे सोपं असावं. उतरतं कौलारू छप्पर, दोन बाजू, विषय संपला. आमच्याकडे गच्ची, गच्ची गळते म्हणून तिच्यावर पत्र्याची शेड, शेड उडते म्हणून तिच्यावर विटा, आणि विटांच्या बाजूला निळी ताडपत्री. यातलं छप्पर कोणतं? सॉफ्टवेअर शांतपणे उत्तराची वाट बघत होतं. खिडक्यांचं विचारलं नाही हे नशीब. बॉक्स ग्रिलमध्ये तुळस, सायकल, सिलिंडर आणि वाळत घातलेले मोजे असतात. फ्लॉवर बेडचं स्वयंपाकघर झालेलं असतं आणि गॅलरीची बेडरूम. आमच्याकडे भिंतीला तू कोण विचारलं तर ती आधी म्हणेल, "मंजूर नकाशाप्रमाणे सांगू, का खरं?"

खरी कसोटी पुढे होती. इमारतीचा घनाकार 'वॉटरटाइट' लागतो. प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठभागांत वाटलेली हवी, कुठेही फट नको. भिंतीची रेघ जिथून निघाली तिथेच परत यायला हवी. पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू एकच. ही दुसरी अट आमच्या लोकांना नवी नाही. सकाळी मीरा रोडहून निघून चर्चगेट गाठून रात्री मीरा रोडलाच उतरणारा प्रत्येक माणूस त्या अर्थाने शुद्ध बहुभुजाकृती आहे. पण वॉटरटाइट? मीरा रोडमध्ये?

तपासणी लावली आणि शेकडो इमारती लाल झाल्या. नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी कसल्याशा सहीसाठी आले. आईने चहा टाकला. त्यांची नजर पडद्यावर गेली.

"हे लाल काय आहे?"

"आपलीच बिल्डिंग. गळते म्हणतंय."

ते खुर्ची ओढून बसलेच. "कुठून?"

मी मोठं करून दाखवलं. "या वरच्या कोपऱ्यात."

"ए विंगच्या टाकीखालून! मी त्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बोंबलून सांगत होतो, तिथूनच येतंय. ऐकेल तर शपथ. हे कुठलं यंत्र?"

"कॅनडाचं."

"बघा! कॅनडाला दिसतं, त्याला गच्चीवर उभं राहून दिसत नाही."

"अहो काका, ही नुसती आकड्यांतली फट आहे. दोन मिलिमीटरची."

"दोन मिलिमीटरच तर असते!" ते ओरडले. "तेवढ्यातूनच येतं! याची एक प्रत सोसायटीच्या नावाने मिळेल? जनरल बॉडीत ठेवतो."

मी एक बटण दाबलं. सॉफ्टवेअरने फट शिवली आणि इमारत हिरवी झाली. सेक्रेटरी काही वेळ नुसते बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खर्च किती येतो याला?"

त्यानंतर भिंतींच्या पालकत्वाचा प्रश्न निघाला. या प्रमाणात प्रत्येक भिंतीला आपली इमारत कोणती ते सांगावं लागतं. पालक नसेल तर ती अनाथ म्हणून बाहेर. बहुतेक भिंतींची सोय लागली. आमच्या आणि शेजारच्या सोसायटीमधली कंपाउंडची भिंत मात्र अडली. तिच्यावर जाहिरातीचा फलक लागतो तेव्हा ती दोन्ही सोसायट्यांची असते आणि पावसात तिची दहा फूट खाली बसतात तेव्हा कोणाचीच नसते. सॉफ्टवेअर म्हणत होतं, एक पालक निवडा. इतकी वर्षं दोन जनरल बॉड्यांना जे जमलं नाही ते मी चहा पिता पिता केलं. शेजाऱ्यांच्या नावावर टाकली. हे कोणाला सांगितलेलं नाही.

मग एक्स्पोर्ट केलं, फाइल उघडली, आणि शहर गायब. पडद्यावर नुसता निळा समुद्र. जग लहान करत करत मागे गेलो तेव्हा सापडलं. नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेला, उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, भर समुद्रात अख्खं मीरा-भाईंदर वसलेलं होतं. शांती नगर, नया नगर, गोल्डन नेस्ट, उत्तनपर्यंत सगळं. चूक माझीच. आमचं गाव साधारण 19.3 उत्तर अक्षांश आणि 72.85 पूर्व रेखांशावर आहे. कोणी अक्षांश आधी लिहितं, कोणी रेखांश. नियमाच्या पुस्तकात अक्षांश आधी. बरेच प्रोग्राम लिहितात रेखांश आधी. मी दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि आठ-नऊ लाख माणसं एका एंटरमध्ये आर्क्टिकला धाडली. 

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "तिथे पाण्याचा टँकर तरी लागत नसेल."

"खारं आहे ते."

"मग इथल्यासारखंच."

अक्षांश-रेखांश सरळ केले, शहर ठाणे जिल्ह्यात परत आलं. तर आता इमारती हवेत. जमिनीपासून साठेक मीटर वर, म्हणजे वीस मजल्यांएवढ्या उंचीवर सगळी नगरी तरंगत होती. कारण ऐकण्यासारखं आहे. उपग्रहाकडून उंची घेणारं यंत्र समुद्रापासून मोजत नाही. पृथ्वीचा जो गुळगुळीत काल्पनिक गोळा गणितात मानला आहे त्याच्यापासून मोजतं. आता खरा समुद्र काही त्या गोळ्याप्रमाणे वागत नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाला खड्डे आणि उंचवटे आहेत, आणि जगातला सर्वांत खोल खड्डा, सुमारे 106 मीटरचा, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. त्याचा उतार आमच्यापर्यंत येतो; मुंबईजवळचा समुद्र त्या गोळ्याच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. म्हणजे खड्ड्यांबाबत महापालिकांनाच बोल लावण्यात अर्थ नाही. माझ्याकडची जमीन उपग्रहाच्या हिशेबाने खाली गेलेली आणि इमारती समुद्रसपाटीच्या हिशेबाने वर राहिलेल्या. इमारत आहे, खाली जमीन नाही. एखाद्या बिल्डरने पाहिलं असतं तर तिथल्या तिथे बुकिंग सुरू केलं असतं.

सपाट नकाशाची खोड रस्त्यांवरही निघाली. मेट्रो 9 च्या मार्गावर आमच्याकडे खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो असे तीन थर आहेत. कागदावर तिन्ही रेघा एकमेकींवर. मला वाटलं एकच रस्ता तीनदा आलाय, म्हणून नकला काढून टाकायचा खोका मधे जोडला. त्याने इमानेइतबारे दोन थर उडवले आणि राहिला खालचा रस्ता. शहर मेट्रोच्या आधीच्या काळात जाऊन पोचलं. मी जरा वेळ तसंच ठेवलं. बरं दिसत होतं.

मिठागरांचंही तेच. या प्रमाणात पाण्यासाठी एक वर्ग आहे आणि जमिनीच्या वापरासाठी दुसरा. भाईंदरचं मिठागर पावसाळ्यात पहिल्या वर्गात असतं, उन्हाळ्यात दुसऱ्या, आणि घराच्या जाहिरातीत 'सी व्ह्यू' म्हणून तिसऱ्याच. उत्तनला बांबूंच्या मांडवांवर वाळणारे बोंबील कोणत्या वर्गात टाकावेत हे मी पुणेकरांना विचारलं नाही. ते नाकाला रुमाल लावून उत्तर लिहितील अशी भीती वाटली.

संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं. शेवटचा खोडा मात्र आपल्या मातृभाषेने घातला. आमची मूळ माहिती ज्या जुन्या शेपफाइलीत होती तिच्यात रकान्याच्या नावाला फक्त 10 बाइट मिळतात. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे दहा अक्षरं. देवनागरीत आजच्या पद्धतीने प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार यांचे वेगळे पैसे. म्हणजे रकान्याच्या नावात जेमतेम तीन चिन्हं मावतात. मी मोठ्या अभिमानाने रकाने मराठीत केले होते. प्रत्येक इमारतीपासून दोन स्टेशनांचं अंतर, म्हणून एका रकान्याचं नाव 'मीरा रोड' आणि दुसऱ्याचं 'भाईंदर'. उघडून बघतो तर पहिल्याचं झालं होतं 'मीर' आणि दुसऱ्याचं 'भाई'. आमच्या इमारतीपुढे लिहिलं होतं: मीर 400, भाई 2600. शायर हाकेच्या अंतरावर आहे आणि भाई अडीच किलोमीटर लांब, यात मी समाधान मानलं. 'इमारत' या रकान्याची 'इमा' झाली होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. तिथेच घात झाला.

रात्री आईला पूर्ण शहर दाखवलं. करड्या ठोकळ्यांचं रान. तिने बोट फिरवत आमची इमारत शोधायचा प्रयत्न केला, पण सगळी घरं सारखीच. आम्ही गिरगावच्या चाळीतून इथे आलो तेव्हाही तिला असंच झालं होतं. दहा बाय बाराची खोली देऊन वन बीएचके मिळाला, क्षेत्रफळ वाढलं, आणि सामायिक गॅलरी नव्या फॉरमॅटमध्ये बसली नाही. ती वाटेत गळली. तेव्हा इथे नगरपरिषद होती, 1985 साली झालेली. 2002 ला तिची महानगरपालिका झाली. गाव फॉरमॅट बदलत गेलं. पत्ता ठाणे जिल्ह्याचा, फोनचा कोड मुंबईचा, आणि आई अजून गिरगावात जायचं असलं की "मुंबईला जाऊन येते" म्हणते आणि इथे कोणी विचारलं की "आम्ही गिरगावचे."

"आपली स्वयंपाकघराची खिडकी कुठाय?" तिने विचारलं.

खिडक्या या पायरीवर नसतात. मी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर कॅमेरा नेऊन ठेवला आणि पश्चिमेला वळवला. समोर वीस-बावीस मजली ठोकळा.

"पूर्वी इथून मिठागर दिसायचं. मिठाचे ढीग. चांदण्यात पांढरे."

"हेच तर यातून कळतं, आई. कुठली इमारत कशाच्या आड येते ते."

"ते मला पोळ्या लाटताना रोज कळतं," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

फाइल पाठवली. दोन दिवसांनी पुण्याहून मेल आली. चौदा मुद्दे, क्रमांक घालून. तेरा मुद्दे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांबद्दल होते. चौदावा असा: "प्रस्तुत मॉडेलमधील सर्व इमारतींची नावे रिक्त आढळतात. केवळ एका इमारतीस 'आईचं घर' असे नाव दिलेले आहे. सदर नावातील 'चं' हे रूप बोलीतील असून औपचारिक दस्तऐवजात 'आईचे घर' असे अपेक्षित आहे. खुलासा करावा."

मी तपासलं. नावं 'इमारत' या रकान्यातून घ्यायची असं मी जोडून ठेवलं होतं आणि त्या नावाचा रकाना आता उरलाच नव्हता. तिथे 'इमा' बसली होती. म्हणून हजारो इमारतींची लेबलं गेली. राहिली ती पहिल्या दिवशी हाताने टाइप केलेली एक.

रकाना दुरुस्त केला, सगळ्यांची लेबलं परत टाचली, फाइल पुन्हा पाठवली. तेरा मुद्द्यांना तेरा उत्तरं दिली. चौदाव्यापुढे लिहिलं: "एक्स्पोर्टचा माल आहे. कापताना थोटूक राहिलं. कृपया अनुस्वारासह ठेवून घ्यावं."